पाठमोरी

७ फेब्रुवारी

भिंगरी,

पाकिटावरचं अक्षर तुझ्या भावोजींचं आहे. माझं अक्षर दिसलं असतं तर तू पाकीट न उघडताच कुठेतरी टाकून दिलं असतंस, म्हणून पत्ता त्यांच्याकडून लिहून घेतला. ते म्हणाले, "ही फसवणूक झाली." मी म्हटलं, "झाली तर झाली, तुम्ही घर नंबर नीट लिहा."

आता उघडलंच आहेस तर वाच. भांडायला आलेली नाही. आईचं कपाट शेवटी मी आवरायला काढलं आणि त्यात तुझा निळा कोट सापडला, एवढंच कळवायचं होतं. तू कॉलेजात असताना हट्टाने घेतलेला, डाव्या खिशाला भोक पडलेला. त्या भोकातून तू किती किल्ल्या हरवल्यास याचा हिशेब आई सगळ्या पाहुण्यांना सांगायची. तर ते भोक आता शिवलेलं आहे. निळ्या कोटाला हिरवा दोरा. एका बाहीला कसर लागली आहे, पण कोट अजून उबदार आहे. पाठवू का? नको असेल तर नुसतं "नको" लिही. तेवढं एका शब्दाचं पत्रही मला चालेल.

इकडे आम्ही दोघं बरे आहोत. भावोजींची बस आता लांबच्या मार्गावर लागली आहे, त्यामुळे ते संध्याकाळी येतात ते बसच्याच आवाजात बोलत येतात, "पुढे सरका, पुढे सरका" असं स्वयंपाकघरातसुद्धा. मला नवा चष्मा लागला. एक्कावन्न पूर्ण झाली, तर डोळ्यांनी काय कायम साथ द्यायची? डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यामागची माझी खोली आहे तशीच आहे. तेच टेबल, तोच स्पिरिटचा दिवा, तेच गुलाबी मेण. माणसं बोळकं घेऊन येतात आणि कवळी लावून जातात. तू चिडवायचीस ना, "ताई हसू विकते" म्हणून. अजून विकते.

पुढच्या महिन्यात आईला जाऊन वर्ष होईल. त्या वेळी तू दारात उभी राहून जे म्हणालीस ते मी कुणालाही सांगितलेलं नाही, भावोजींनाही नाही. त्यांना वाटतं आपलं भांड्यांवरून किंवा दागिन्यांवरून काही झालं असेल. मी वाटू दिलं.

कोटाचं कळव.

ताई

२६ फेब्रुवारी

भिंगरी,

कोटाचं उत्तर आलं नाही. पण पत्र परतही आलं नाही. म्हणजे तू उघडलंस आणि गप्प बसलीस, असं मी धरून चालले आहे. गप्प बसण्यात तू पहिल्यापासून पटाईत. आई आणि तू, दोघीही. तुमचा शेवटचा अबोला चार महिने चालला आणि मधल्या मधे निरोप सांगून माझी जीभ झिजली.

आज एक गंमत सांगते. परवा एक आजोबा आले. रेल्वेत तिकीट तपासायचे, निवृत्त होऊन वीस वर्षं झाली असतील. तोंडात एक दात शिल्लक नाही. डॉक्टरीणबाईंनी माप घेऊन माझ्याकडे पाठवलं, तर त्यांनी खिशातून जुना फोटो काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "समोरच्या दोन दातांत एवढी फट ठेवा." मी म्हटलं, "आजोबा, लोक फट बुजवून घ्यायला येतात."

"लोकांचं लोकांना. माझ्या बायकोला हल्ली माणसं ओळखू येत नाहीत. मलाही नाही. पण ही फट तिची लाडकी. लग्न ठरलं तेव्हा मैत्रिणीला म्हणाली होती, मुलगा बरा आहे, पण बोलताना दातांतून वारा जातो."

मग मी बसले फट करायला. तुला वाटेल, फट काय, दोन दात लांब लावले की झाली. तसं नसतं. नुसते लांब लावले तर दात पडल्यासारखे दिसतात. डावा जरासा आत वळवावा लागला, उजव्याची कड थोडी झिजवावी लागली, फोटोत होती तशी. मेणात दात बसवायचे, बघायचे, काढायचे, परत बसवायचे. एवढ्या वर्षांत मी हजारो सरळ दात लावले असतील, पण वाकडा दात मुद्दाम वाकडा लावण्यात काय मजा आहे ते मला या वयात कळलं. मी गुणगुणत होते म्हणे. डॉक्टरीणबाई दारातून डोकावून विचारून गेल्या, "बरं आहे ना सगळं?"

आणि फट झाल्यावर उरलेल्या मेणाचा गोळा हातात होता, त्याची बोटांनी परस्पर शिट्टी करून टाकली. तिकीट तपासनीसाची, दोरीसकट. खाली बघितलं तर ती तयार, आणि वर बघितलं तर घड्याळात दोन तास गेलेले. शिट्टी तशीच मुठीत दाबून टाकली. ते जाऊ दे.

तुला हे ठाऊकच नाही, की मी मेणाच्या वस्तू करते. करायचे. सत्तेचाळिसाव्या वर्षी मला हा नाद लागला. काम संपल्यावर पातेलीच्या तळाला बोटभर मेण उरतं, ते एक दिवस चाळा म्हणून हातात घेतलं आणि त्याचा झोपलेला कुत्रा झाला. आमच्या गल्लीतला, एक कान दुमडलेला. मग भावोजींचा डबा झाला, झाकण नीट न लागणारा. डॉक्टरीणबाईंची टाच झिजलेली चप्पल झाली. मोडकी छत्री झाली. तेव्हापासून मी कामावर जाताना रस्ता बदलून जायला लागले, कारण रोजच्या रस्त्यावर नवीन काही दिसेना. पन्नाशीच्या बाईने चपला न्याहाळत चालायचं म्हणजे लोक बघणारच, बघेनात का. खिडकीच्या फळीवर रांग लागली होती. आईला मी तो पहिला कुत्रा दाखवला होता. तिने चष्मा लावला, उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "खाता येत नाही, अंगावर घालता येत नाही. पण बरा दिसतोय." आईच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे मला पदकच मिळालं.

गेलं वर्षभर मी काही केलं नव्हतं. शिट्टी पहिलीच. का नव्हतं केलं ते लिहायला आज बसले होते खरं तर, आणि फटीचंच लिहीत बसले.

ताई

१२ मार्च

भिंगरी,

आज वर्ष झालं. हा चौथा कागद आहे. पहिले तीन फाडले, कारण प्रत्येकात मी स्वतःला कुठे ना कुठे सांभाळून घेतलं होतं. आज सुट्टी घेतली आहे आणि आईच्या खुर्चीत बसून लिहिते आहे, म्हणजे खोटं लिहायची हिंमत होणार नाही.

तू दारात म्हणाली होतीस, "वीज गेलीच नव्हती ना, ताई? म्हणजे दातांचंही खोटं. आईला माझ्याशी बोलायचंच नव्हतं, आणि तू मला गोंजारते आहेस." मग बॅग उचलून जिना उतरलीस.

वीज गेली नव्हती. ते खोटं होतं. दातांचं खरं होतं. आता सगळं क्रमाने सांगते.

त्या हिवाळ्यातल्या दुखण्याने आईच्या हिरड्या आक्रसल्या होत्या. कवळी सैल झाली, खाताना घसरायची, बोलताना ती हाताने सावरून धरायची. अशा वेळी कवळीला आतून नवं अस्तर घालावं लागतं. त्यासाठी कवळी काढून घ्यायची, साच्यात घालायची, गरम पाण्यात शिजवायची. निम्मा दिवस माणूस बिनदातांचं राहतं. मी सगळ्यांना सांगते की जुनी जोडी जपून ठेवा, अशा वेळी उपयोगी पडते. आईची जुनी जोडी मीच मोडली होती, एका कामाला त्यातले दात हवे होते म्हणून. घरच्या माणसाचं काय, चालून जातं.

त्या दिवशी सकाळी साडेनऊला मी तिची कवळी डबीत घालून निघतच होते आणि फोन वाजला. तू होतीस. चार महिन्यांनी पहिल्यांदा घरच्या फोनवर. "आई आहे का?" एवढंच म्हणालीस. मी वळून बघितलं, तर आई टेबलाला धरून उभी राहिली होती. मी फोन पुढे केला. तिने दोन्ही हात तोंडावर घेतले आणि मान हलवली. तुला तिची सवय माहीत आहे. चाळिशीत सगळे दात काढले तेव्हापासून बिनदातांची ती आपल्यालाही कधी दिसली नाही. बाबा गेले त्या दिवशीसुद्धा तिने आधी कवळी लावली आणि मग रडली. तर तिने माझ्या हातातल्या डबीकडे बोट केलं, मग घड्याळाकडे, मग फोनकडे. चेहरा असा झाला होता की मला हसू आलं. मी तुला सांगितलं, "दुपारी ती करेल, दात माझ्याकडे दुरुस्तीला आहेत." तू हसलीस. "नखरे अजून तेच?" "तेच." "मग मी दुपारची सुट्टी काढते. वाट बघते म्हणून सांग तिला."

मी सांगितलं. मी बाहेर पडले तेव्हा ती कंगवा शोधत होती.

कवळी सव्वाबाराला तयार झाली. घासून, पॉलिश करून, धुऊन. हातात घेतली तेव्हा अजून कोमट होती. दवाखान्यातून घरी यायला सात मिनिटं लागतात, तुला माहीत आहे.

मी उठले नाही. डॉक्टरीणबाई जेवायला गेल्या होत्या, दवाखाना रिकामा होता, टेबलावर ऊन आलं होतं. पातेलीत मेण होतं, अगदी हवं तेवढं मऊ. त्या अख्ख्या हिवाळ्यात आईची औषधं, आईची अंथरुणं, तुमचा अबोला, यातून मला स्वतःचा म्हणून अर्धा तास मिळाला नव्हता. आणि तुझा फोन आला होता. सगळं सुटणार होतं. इतकं हलकं वाटत होतं की हात आपोआप मेणाकडे गेले. म्हटलं, पाच मिनिटं. मग मेणाचं काहीतरी करत बसले, आणि घड्याळाकडे पाहिलं तेव्हा पावणेतीन झाले होते.

अडीच तास. वरच्या मजल्यावरच्या काकू नंतर म्हणाल्या, तुमचा फोन एकला वाजला, मग दीडला, मग दोनला, कुणी उचलत का नव्हतं? उचलणारी समोरच बसली होती गं. मी आले तेव्हा ती याच खुर्चीत होती. केस विंचरलेले, चांगला स्वेटर घातलेला, मांडीवर तिचा छोटा आरसा. स्टुलावर कवळी धुवायला पाण्याचा ग्लास भरून ठेवलेला, त्याच्याशेजारी घडी केलेला रुमाल. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, साधारण दोनच्या सुमाराला. म्हणजे एकला ती होती. दीडलाही होती. फोन वाजत होता, तुझा आहे हे तिला कळत होतं, आणि ती दात यायची वाट बघत होती.

मग मी जे केलं ते माझ्यासारखीच बाई करेल. त्याच ग्लासात कवळी धुतली आणि तिच्या तोंडात बसवली. आधी खालची, मग वरची. अंगठ्याने दाबली आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, "चावा बघू." जराही हलली नाही. माझ्या उभ्या आयुष्यातलं ते सगळ्यात चोख काम, आणि त्याने कुणी एक घास चावून पाहिला नाही. मला एवढंच वाटत होतं, की तू येशील तेव्हा तुला तिचा चेहरा नीट दिसावा. बसलेल्या गालांची आई बघून तू घाबरशील असं वाटलं.

तू दुसऱ्या दिवशी सकाळी आलीस. तिच्याकडे बघून म्हणालीस, "किती छान दिसते आहे." आणि मग थांबलीस. "दात तर आहेत तिला." मी तिथे खरं बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "नंतर बसवले. वीज गेली होती, त्यामुळे उशीर झाला." मग दुपारी डॉक्टरीणबाई भेटायला आल्या आणि तुझ्याशेजारी बसून भाबडेपणाने म्हणाल्या, "काल दिवसभर मशीन चालू होतं, नेहमीसारखं काम चाललं होतं हो, कुणाला कल्पना होती का?" तू माझ्याकडे पाहिलंस. पुढचं तुला माहीत आहे.

तू जिना उतरत होतीस तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. पण तू विचारलं असतंस, मग अडीच तास काय करत होतीस? मशीन बिघडलं म्हणून उशीर झाला, हे सांगता येतं. दुसरा पेशंट आला होता, हेही सांगता येतं. मी मजेत होते, हे कसं सांगायचं? आई खुर्चीत वाट बघत होती आणि मी दवाखान्यामागच्या खोलीत उन्हात बसून गुणगुणत होते. ते माझ्याच्याने बोलवेना. म्हणून आईने तुला माफ केलं नाही असं मी तुला वर्षभर समजू दिलं. आपली लाज झाकायला मी तिच्या तोंडावर तुझा राग ठेवला.

तो राग आता तिच्यावरून काढ आणि माझ्यावर टाक. ती तुझ्याशी बोलायला अगदी तयार होऊन बसली होती. हे पत्र फक्त तेवढ्यासाठी आहे.

ताई

३ एप्रिल

भिंगरी,

तीन आठवडे झाले. रोज जिना उतरताना पत्रपेटीकडे बघायचं नाही असं ठरवते आणि बघते.

भावोजींना सांगितलं सगळं. रविवारी, जेवण झाल्यावर. ते म्हणाले, "म्हणजे मलासुद्धा वीज गेली म्हणूनच सांगितलंस?" मी म्हटलं, "हो." त्यांनी उठून भांडी घासायला घेतली. कधी घासत नाहीत. सगळी घासून, पुसून, चुकीच्या जागी लावून ठेवली आणि मग माझ्याशेजारी येऊन बसले. म्हणाले, "पाच मिनिटं म्हणून सगळेच बसतात." मला ते ऐकून आणखीच रडू आलं. मी म्हटलं, "सगळ्यांची आई त्याच दिवशी जात नाही." चमचे मला अजून सापडलेले नाहीत.

फटवाले आजोबा आले होते, कवळी टोचते म्हणून. बायकोने ओळखलं का, असं मी विचारलं. म्हणाले, "नाही. पण काल माझ्याकडे बघून म्हणाली, आमच्याकडेही एक असेच होते." आणि दात दाखवून हसले. मी टोचणारी जागा घासून दिली.

तू रागावलीस तर तसं लिही. शिव्या दे. तुझ्याकडून शिव्या खायची मला चांगली सवय आहे, लहानपणापासूनची.

ताई

२१ एप्रिल

भिंगरी,

तुझं पत्र मिळालं. अक्षर बारीक झालंय तुझं. जिन्यातच उघडलं, मग तिथेच पायरीवर बसून राहिले. वरच्या काकूंना वाटलं मला चक्कर आली, पाणी घेऊन धावल्या.

तू लिहिलंस, "ताई, तिसऱ्यांदा रिंग वाजत असताना मी मनात म्हटलं होतं, आता नाही उचललास तर आपलं कायमचं संपलं. आणि ती फोनसमोर बसली होती. हे मला एक वर्ष आधी कळायला हवं होतं. या वर्षात मी तिचे सगळे फोटो उतरवून ठेवले. कुणी विचारलं तर सांगायचे, आमचं पटत नव्हतं." तिसऱ्यांदा वाजला तेव्हा ती होती की नव्हती, हे मलाही सांगता येत नाही. त्यावर मी रोज विचार करते. तूही आता करशील, आणि ते मी तुझ्या पदरात घातलं.

"माफ केलंय असं समजू नकोस," असंही लिहिलंस. नाही समजत. "कोट पाठव," लिहिलंस. पाठवते. आणि शेवटी विचारलंस, "मेणाचं काहीतरी म्हणजे काय? आमचा शेवटचा फोन ज्याच्यापायी गेला ते काय होतं, एवढं तरी कळू दे."

हे मी त्या पत्रात मुद्दाम गाळलं होतं. तुला वाटलं असतं मी लाघवीपणा करते आहे.

तू होतीस. सात वर्षांची. मागच्या पायरीवर रुसून बसलेली, आमच्याकडे पाठ करून. तू तशी बसायचीस ना, गुडघे पोटाशी घेऊन, आणि आई आतून म्हणायची, "बसू दे तिला, भूक लागली की वळेल." एक वेणी घट्ट, एक सुटलेली. फ्रॉकचा पट्टा लोंबतोय. एक मोजा वर, एक खाली. सकाळी फोनवर तू हसलीस ना, तेव्हापासून तीच पाठ माझ्या डोळ्यांसमोर होती. मला वाटलं होतं, दुपारी तुमचं बोलणं झालं की संध्याकाळी ही आईला दाखवायची आणि म्हणायचं, वळली बघ तुझी लेक. सगळी मिळून माझ्या करंगळीएवढी. वेणीचे पेड सुईने काढायलाच तास गेला असेल. इकडे आई तुझ्यासाठी केस विंचरून बसली होती आणि तिकडे मी तुझी वेणी घालत होते. इतकं चांगलं काम माझ्या हातून पूर्वी कधी झालं नव्हतं.

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ती पातेलीत टाकली. आधी वेण्या गेल्या. बघवेना म्हणून झाकण ठेवलं.

तुझं पत्र वाचल्यावर वाटलं, कोटाबरोबर तीच पुन्हा करून पाठवावी. परवा बसले. सुरुवातीला नुसते हात चालत होते, लाकडासारखे. दर थोड्या वेळाने मी घड्याळ बघत होते, जसं काही कुणी घरी वाट बघतंय. मग वेणीशी आले. सुटलेल्या वेणीचे केस मोकळे करायला लागले आणि कधी गुणगुणायला लागले ते कळलंच नाही. कळलं तेव्हा हात थांबले. रडू आलं. मग रडत रडतच पुढचे केस काढले, कारण मेण गार होत होतं. आता हे असंच व्हायचं बहुतेक. ज्या कामात मला सुख होतं त्याच कामात ती खुर्ची दिसणार. तरी मी ते सोडणार नाही, हेही तुला आत्ताच सांगून ठेवते, नंतर माझ्यावर खोटेपणाचा आळ नको.

भावोजी मला घ्यायला आले होते, त्यांनी वाकून पाहिलं. म्हणाले, "अजून रुसलेलीच आहे की."

ती पार्सलमध्ये नाही. मेण आहे, वाटेत ऊन लागलं तर तुझा गोळा होईल. खिडकीच्या फळीवर सावलीच्या बाजूला ठेवली आहे. फिरवून ठेवायचा काही उपयोग नाही, पुढून ती कोरीच आहे. मला दात करता येतात, चेहरा येत नाही, आणि तुझा तर मी वर्षात पाहिलेला नाही. त्यासाठी तुला समोर येऊन बसावं लागेल. बोलायलाच पाहिजे असं नाही.

कोट आज टाकला. कसर झटकून, उन्हात घालून. त्या खिशाबद्दलही मी पहिल्या पत्रात अर्धंच लिहिलं होतं. तो हिरवा दोरा पडद्यांचा आहे. ते रीळ मी गेल्या वर्षी जानेवारीत आणलं, तुमचा अबोला ऐन भरात होता तेव्हा. तेव्हाच शिवलंय आईने, मला न सांगता. हे तुला कळलं असतं तर बाकीचंही सगळं सांगावं लागलं असतं, म्हणून मी लिहिलं नाही.

घातलास की डाव्या खिशात हात घालून बघ. टाके जरा मोठे आहेत, तिला दिसत कमी होतं.

ताई